पिवळ्या बेडकाची बाजू

राजगड ट्रेक म्हटला की नसरापूरहून मार्गासनीचा रस्ता आलाच. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं आहेत, आणि भातखाचरं म्हणजे इंडियन बुलफ्रॉगचं हक्काचं घर. हा आपल्या देशातल्या सर्वांत मोठ्या बेडकांपैकी एक, सुमारे १७ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा! उन्हाळाभर साहेब मातीत गाडून घेऊन झोपतात. पहिला जोरदार पाऊस पडला की बाहेर येतात. एरवी मळकट हिरवा असणारा नर तेव्हा चक्क पिवळाधमक होतो, गळ्याशी दोन निळे फुगे फुगवून मादीला हाका मारतो. हा सगळा थाट फक्त विणीच्या दिवसांपुरता.

खाण्यात नखरे अजिबात नाहीत. किडे, उंदीर, प्रसंगी छोटा सापसुद्धा! म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी वॉचमनच. पण आपण काय केलं? परदेशी हॉटेलांसाठी बेडकांचे पाय हजारो टनांनी विकले. शेवटी १९८७ मध्ये निर्यातीवर बंदी आली. तरी गोव्यात 'जंपिंग चिकन' म्हणून चोरून खाणं चालूच राहिलं.

कोणी म्हणेल, अंदमानात हाच बेडूक उपद्रवी ठरलाय. खरंय, पण तिथे त्याला माणसानेच नेलं. इथे तो घरचा आहे.

मुद्दा साधा आहे. ज्या रात्री तो सगळ्यात जास्त दिसतो, त्याच रात्री त्याची पुढची पिढी ठरते. नेमका तेव्हाच तो पकडला जातो, नाहीतर गाडीखाली येतो. म्हणून पावसाळी ट्रेकला जाताना रात्री बाइक हळू चालवा. एवढं तर आपल्याला जमेल ना?