दाम थोडा म्हणून बुडवावा काय?

संगीतक्षेत्रातील चोरी आता आटोक्यात आली, श्रोता रीतसर पैसे मोजू लागला, तेव्हा कलावंताचे भले झाले, असा समाधानाचा सूर अलीकडे ऐकू येतो. हा सूर फसवा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९९९ साली नॅपस्टर आले आणि जगभरचे तरुण एकमेकांच्या संगणकांतून गाणी फुकट उतरवून घेऊ लागले. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली. २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. ते योग्यच झाले. परंतु चोर पकडला गेला म्हणजे कष्टकऱ्याला त्याचा दाम मिळालाच, असे नव्हे.

आज आपण मासिक वर्गणी भरून मोबाईलवर हवे ते गाणे ऐकतो. ही वर्गणी आपल्या आवडत्या गायकाला पोहोचते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक सेवांमध्ये सर्वांची वर्गणी एका राशीत पडते. सेवा आपला वाटा काढून घेते आणि उरलेली रक्कम एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणात वाटली जाते. महिनाभर केवळ वसईच्या सामवेदी बोलीतील गीते ऐकणाऱ्याचेही बहुतांश पैसे त्याने कधी न ऐकलेल्या लोकप्रिय गाण्यांकडे जातात!

त्यावर कडी म्हणजे २०२४ पासूनचा स्पॉटिफायचा नियम. मागील बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकले न गेलेल्या ध्वनिमुद्रणाला मानधन नाही. ती रक्कम अधिक ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांत वाटली जाते. समर्थक म्हणतात, रक्कम क्षुल्लक असते, शिवाय खोट्या श्रवणसंख्येला आळा बसतो. लबाडीला आळा जरूर घालावा. पण त्यासाठी लबाड शोधावा, सगळ्याच लहानांना दंड कशासाठी? रक्कम क्षुल्लक असेल तर ती त्याच्या नावे साठवावी आणि पुरेशी झाल्यावर द्यावी. मजुरी थोडी आहे म्हणून ती दुसऱ्याच्या, तेही अधिक मिळवणाऱ्याच्या, पदरात टाकणे हा न्याय नव्हे.

आपल्या देशाने २०१२ साली स्वामित्वहक्काचा कायदा सुधारला. चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेले की गीतकार व संगीतकार यांना मिळणारा मानधनाचा वाटा आता कोणत्याही कराराने निर्मात्याला हिरावून घेता येत नाही. दुर्बलाला आपला दाम सोडून देण्यास कोणी भाग पाडू नये, हे त्यामागील तत्त्व. तेच तत्त्व लहान बोलीत गाणाऱ्या अप्रसिद्ध गायकालाही लागू व्हायला हवे.

तोपर्यंत आपल्या हाती एक गोष्ट आहे. आपल्या गावचा गायक स्वतःचे ध्वनिमुद्रण विकत असेल, तर ते त्याच्याकडूनच विकत घ्यावे. केवळ कौतुकावर कोणाचे घर चालत नाही.