कार्यकर्त्यांनो, दार लावून घेऊ नका!

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली व प्रश्न संसदेवर सोपविला. मनुवादी खूश झाले. पण आमचे सामाजिक कार्यकर्ते गप्प का? आंतरजातीय जोडप्यांना संरक्षण देऊन १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली त्यांची लग्ने लावणारे आम्हीच, दोन मुली दारात आल्या की ‘हा आपला प्रश्न नाही’ म्हणतो. लैंगिक प्रश्नांवर निर्भीडपणे लिहिणाऱ्या र. धों. कर्वे यांचे वकीलपत्र १९३४ साली बाबासाहेबांनी घेतले होते, हे आम्ही विसरलो काय? वारसाहक्क, कुटुंब निवृत्तिवेतन, दत्तक हे हक्क विवाहाशी बांधलेले आहेत. जोडीदार निवडण्याचा अधिकार जातीपुरताच मागणे म्हणजे अर्धे संविधान मानणे होय. चळवळीने संसदेकडे कायद्याची मागणी केलीच पाहिजे. जयभीम!