औषधापुढची जबाबदारी

नऊ आणि बावीस या क्रमांकांच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसले म्हणजे मनुष्याच्या रक्तात जो विकार उद्भवतो, त्याचे स्मरण जगाने ठेवावे म्हणून वर्षाच्या नवव्या महिन्यातील बाविसावा दिवस, म्हणजे २२ सप्टेंबर, त्या विकाराच्या रुग्णांनी आपला दिवस म्हणून मुक्रर केला आहे. 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया', अथवा रुग्ण आणि डॉक्टर ज्याला नुसते 'सीएमएल' म्हणतात तो, रक्ताच्या कर्करोगाचा दुर्मिळ प्रकार होय; लाखामागे वर्षाला एखाद-दुसऱ्या माणसास तो होतो. २०११ च्या खानेसुमारीत वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत १२ लाख २२ हजारांवर लोकवस्ती नोंदली गेली. त्या हिशेबाने या शहरातील दहा-वीस घरांवर दरसाल हे संकट कोसळत असावे, असे मानण्यास हरकत नाही. एवढासा आकडा महापालिकेच्या दप्तरात उमटत नाही, आणि उमटला तरी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. परंतु या रोगाचे स्वरूप गेल्या पाव शतकात असे पालटले आहे की, त्या दहा-वीस घरांचे भवितव्य आता दूरच्या प्रयोगशाळेइतकेच गावातल्या दवाखान्यावर, नगर प्रशासनावर आणि शेजारधर्मावर अवलंबून राहिले आहे. आणि ही जबाबदारी अद्याप कोणीही आपली म्हणून पत्करलेली नाही, हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

या विकाराच्या शोधाची कथा वैद्यकाच्या इतिहासात अनन्यसाधारण ठरली आहे. १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड या संशोधकांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी ते आखूड का झाले याचा उलगडा केला. आणि पुढे असे निष्पन्न झाले की, या अदलाबदलीतून 'बीसीआर-एबीएल' नावाचे जे विजोड जनुक जन्मास येते ते पांढऱ्या पेशींना वाढीचा हुकूम अखंड देत राहते, व बांध फुटल्यावर भरतीचे पाणी जसे मिठागर आणि शेत असा भेद न करता पसरते, तशा त्या पेशी मज्जा, रक्त आणि पानथरी व्यापून टाकतात. प्रारंभी रुग्णास फारसा त्रास होत नाही. थोडा थकवा, थोडे वजन घटणे, डाव्या बरगडीखाली जडपणा, एवढ्यावरच भागते. कित्येकांना तर दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत 'पेशी वाढल्या आहेत' एवढे कळते, आणि तेथून 'टाटाला दाखवा' या सल्ल्यापर्यंतचा प्रवास एका आठवड्यात होतो. पाश्चात्य देशांत हा रोग बहुधा साठीच्या सुमारास गाठतो. आपल्याकडे तो पस्तिशी-चाळिशीत, म्हणजे संसाराचा भार ज्याच्या खांद्यावर आहे नेमक्या त्याच माणसास गाठतो.

मे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'इमॅटिनिब' या गोळीने त्या जनुकाच्या हुकमतीला वेसण घातली. तत्पूर्वी निदानानंतरचे आयुष्य बहुधा चार-सहा वर्षांत मोजले जाई; ज्याला जुळणारा भाऊ अथवा बहीण असेल त्यालाच मज्जारोपणाची आशा धरता येई, आणि ते रोपणही आपल्या देशात प्रथम घडले ते १९८३ मध्ये, परळच्या टाटा रुग्णालयात, डॉ. सुरेश अडवाणी यांच्या हातून. या पार्श्वभूमीवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वाचावा, म्हणजे क्रांती कशास म्हणतात ते कळेल: इमॅटिनिब घेऊ लागलेल्या रुग्णांपैकी शेकडा ८३ जण दहा वर्षांनंतरही हयात होते. ज्या कर्करोगात मृत्यूची वाट पाहणे एवढेच उरत असे, तो रोज एक गोळी घेऊन वागवता येण्याजोगा दीर्घ आजार झाला.

मात्र ही गोळी सामान्य माणसाच्या हाती सुखासुखी आलेली नाही. 'ग्लिव्हेक' या नावाने ती विकणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीस नोव्हेंबर २००३ मध्ये भारतात विक्रीचा एकाधिकार मिळाला, तेव्हा महिन्याच्या औषधाचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, आणि देशी कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळू शकत होते. कंपनीने गरजू रुग्णांना विनामूल्य औषध देण्याची योजनाही चालविली व तिचा लाभ हजारोंनी घेतला, हे न्यायबुद्धीने नमूद केलेच पाहिजे. परंतु प्राणरक्षण हे दात्याच्या मर्जीवर असावे की हक्कावर, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता. तो प्रश्न धसास लावणाऱ्यांत १९६९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली 'कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन' ही रुग्णांची पाठराखण करणारी संस्था होती. तिने पेटंटच्या अर्जास हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कचेरीने अर्ज फेटाळला. आणि अपिलांची दीर्घ वाट तुडवून १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने निवाडा दिला की, जुन्याच द्रव्याचे नवे स्फटिकरूप हे रोग बरा करण्याची शक्ती वाढली असे सिद्ध केल्यावाचून पेटंटास पात्र ठरत नाही. आज हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

लढाई येथे संपली असे अनेकांना वाटले. वस्तुतः तिचे क्षेत्र केवळ बदलले. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० मध्ये ८७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. औषधाच्या बाटलीचे झाकण केव्हा उघडले याची नोंद आपोआप होईल अशी व्यवस्था तिच्यात केलेली होती. ज्यांनी ठरलेल्या मात्रेपैकी शेकडा नव्वदाहून अधिक घेतली, त्यांच्यापैकी शेकडा ९४ जणांच्या रक्तातील रोगाचा अंश अपेक्षेइतका खाली येण्याचा संभव दिसला. ज्यांनी नव्वद वा त्याहून कमी घेतली, त्यांच्यात हाच आकडा २८ वर घसरला. महिन्यातून तीन गोळ्या चुकणे म्हणजे शेकडा नव्वद. महिन्याला लाखाहून अधिक खर्चाची गोळी स्वस्त करण्यास न्यायालय पुरे पडले. त्या तीन गोळ्या चुकू न देण्यास न्यायालय पुरे पडणार नाही.

त्या का चुकतात, हे विरारच्या फलाटावर उभे राहिल्यास समजते. येथून चर्चगेट सुमारे साठ किलोमीटर. तपासणीच्या दिवशी पहाटेची लोकल पकडावी, प्रभादेवीस उतरून परळला जावे, फाईल घेऊन रांगेत बसावे आणि दिवेलागणीस परतावे, तर वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यात ठेक्यावर असलेल्या कामगाराचा एक खाडा पडतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून येणाऱ्यास तर एस.टी.ने रेल्वे गाठण्यातच अर्धा दिवस जातो. कर्करोगाच्या रुग्णास दिव्यांगांच्या डब्यातून प्रवासाची मुभा आहे. परंतु रुग्ण बाहेरून धडधाकट दिसत असल्यामुळे त्याने दाखला काढून दाखविल्याखेरीज डब्यातले लोक विश्वास ठेवीत नाहीत, आणि दाखला दाखवावा तर शेजारणीस कळेल, तिच्याकडून वस्तीला कळेल, आणि धाकट्या बहिणीचे ठरत आलेले लग्न मोडेल, ही धास्ती असते. पायांत पेटके येतात, डोळ्यांभोवती सूज येते, मळमळते. हे औषधाचे परिणाम आहेत व त्यांवर उपाय आहेत, असे सांगणारे जवळ कोणी नसते. मग 'आता बरे वाटते आहे' या एका वाक्यावर गोळी थांबते. ज्या स्त्रीला मूल हवे आहे तिची अडचण याहूनही बिकट, कारण गरोदरपणी हे औषध वर्ज्य आहे आणि त्याचे नियोजन आधीपासून डॉक्टरांशी बोलून करावे लागते. ही गोष्ट घरात कोणाशी बोलावी, हेच तिला उमगत नाही.

संशोधनाची वार्ताही अर्धवट पोहोचली तर उपकाराऐवजी अपाय करते. फ्रान्समधील एका अभ्यासात, २०१० मध्ये, असे दिसले की दोन वर्षांहून अधिक काळ ज्यांच्या रक्तात रोगाचा मागमूसही राहिला नव्हता अशांनी औषध थांबविल्यावर दहापैकी सुमारे चार जणांत रोग परतला नाही. ही मोठी आशेची बातमी होय. परंतु ती 'गोळी बंद करता येते' एवढ्याच रूपात मोबाइलवर फिरली तर अनर्थ ओढवेल, कारण ते धाडस केवळ निवडक रुग्णांनी, प्रारंभी महिन्या-महिन्याला सूक्ष्म तपासणी करीत केलेले होते. तीच गोष्ट ४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते लोकार्पण झालेल्या, टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या 'नेक्सकार-१९' या पेशी-उपचाराची. भारतीय विज्ञानाचा तो अभिमानास्पद पराक्रम होय. पण तो बी-पेशींच्या कर्करोगांसाठी आहे, सीएमएलसाठी नव्हे. कोणती बातमी कोणासाठी आहे, हे मराठीत, सोप्या आणि अचूक शब्दांत सांगण्याची नित्याची तजवीज कोठे आहे?

ज्यांना हे कळले त्यांनी वाट आखून दिलेली आहे. या रोगाने तरुणपणीच गेलेल्या मॅक्स नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ १९९७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या मॅक्स फाउंडेशनचे भारतातील कार्य मुंबईहून विजी व्यंकटेश यांनी उभारले, आणि त्यातून 'फ्रेंड्स ऑफ मॅक्स' हा रुग्णांचा व त्यांच्या कुटुंबीयांचा संघ उदयास आला. दहा वर्षे गोळी घेत असलेला माणूस कालच निदान झालेल्या माणसाशेजारी येऊन बसतो, तेव्हा जे कार्य घडते ते कोणत्याही माहितीपत्रकाने घडणारे नाही. अशी बैठक वसईत, नालासोपाऱ्यात, पालघरात भरावी. वाचनालये, चर्चची सभागृहे, समाजमंदिरे यांची या भागात वाण नाही.

महापालिकेकडे आमची मागणी मोजकी आहे. वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्याचे तुळींज रुग्णालय यांपैकी एका ठिकाणी महिन्यातला एक दिवस ठरवून द्यावा. त्या दिवशी साधी रक्ततपासणी तेथेच व्हावी, आणि दर तीन महिन्यांनी लागणाऱ्या बीसीआर-एबीएल तपासणीचे नमुने तेथे घेऊन वेळेत मुंबईच्या प्रयोगशाळेत रवाना करावेत, म्हणजे रुग्णाऐवजी नळी प्रवास करील. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा अर्ज, दाखले आणि मंजुरी यांत रुग्णाचे हेलपाटे वाचविण्यास त्याच दिवशी आरोग्यमित्र हजर असावा. आणि ज्याची तारीख चुकली त्याच्या घरी चौकशीस कोणी तरी जावे.

यावर आक्षेप येईल, आणि तो अवाजवी नाही: डेंग्यू, क्षय, बालकुपोषण यांनी गांजलेल्या जिल्ह्याने मूठभरांसाठी स्वतंत्र बंदोबस्त का करावा? याचे उत्तर क्षयरोगाच्या कार्यक्रमातच आहे. गोळी चुकविणाऱ्याचा माग काढणे, त्याच्या दाराशी जाणे, कुटुंबास समजावणे ही विद्या आपल्या आरोग्यसेविकांना वर्षानुवर्षांच्या सरावाने अवगत आहे. तिची व्याप्ती काही डझन घरांनी वाढविण्यास नवे खाते उघडावे लागत नाही. शिवाय मूठभर हे विशेषण फार दिवस टिकणार नाही, कारण पूर्वी जे रुग्ण चार-सहा वर्षांत यादीतून गळत ते आता दशकानुदशके जगणार आहेत, आणि दरसाल त्यांत नव्यांची भर पडणार आहे.

आणि एकदा ही घडी बसली की तिचा उपयोग सीएमएलपुरता राहणार नाही. स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९४४ मध्ये वर्णिलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा रक्ताचा कर्करोग तर याहूनही विरळ. त्याच्या बहुसंख्य रुग्णांत आढळणारा जनुकीय बदल २०१२ मध्ये सापडला आणि २०१५ पासून त्यावरही गोळी उपलब्ध झाली. अशा रुग्णास आपल्यासारखा दुसरा सबंध तालुक्यात भेटेलच असे नाही. त्याला निदान एक दार असे हवे की, जेथे त्याच्या रोगाचे नाव पहिल्यांदा ऐकल्यासारखा चेहरा कोणी करणार नाही. विज्ञानाने आपला वाटा दिला, न्यायालयाने दिला, रुग्णांच्या संस्थांनीही दिला. उरलेला वाटा खर्चाच्या दृष्टीने सर्वांत लहान आहे, आणि तो वसई-विरार महानगरपालिकेचा आहे. येत्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद दिसली पाहिजे.