दुकानाची पायरी आणि गिऱ्हाइकाचा हक

“आमचं दुकान दहा बाय बाराचं, आम्हाला कसला कायदा?” रॅम्पचा विषय निघाला की बाजारात हेच ऐकू येतं. पण २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. लोकांचा राबता असलेली खासगी इमारतही त्यात येते: दुकान, दवाखाना, शिकवणीचा वर्ग, शादीखाना आणि मशीदसुद्धा.

सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, ती दिव्यांगांपर्यंत पोहोचेल अशी सोय त्याने करायची, असं कलम ४६ सांगतं. कायदा मोडल्यास पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड. पुन्हा मोडला तर किमान ५० हजार, कमाल ५ लाख. चारचौघांत दिव्यांगाचा जाणूनबुजून अपमान केला, तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. तक्रारीसाठी पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की सुगम्यतेचे निकष नुसता सल्ला असून चालणार नाहीत. सरकारने सक्तीचे नियम करावेत.

भीती खर्चाची असते. हिशेब सोपा आहे. रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे सहा इंच पायरीला सहा फूट लांबी. दुकानापुढे फूटपाथ असेल तर तो अडवता येत नाही. तिथे गरजेला टाकायचा, घडीचा रॅम्प ठेवावा. दार तीन फूट मोकळं असावं. वाटेतली पोती, खोकी हलवायला पैसे लागत नाहीत. अंध गिऱ्हाइकाला भाव वाचून दाखवावा, बहिऱ्याला लिहून द्यावा.

मशिदीच्या विश्वस्तांनीही पाहावं: वजूखान्याच्या ओल्या फरशीजवळ धरायला दांडी आहे का? व्हीलचेअरवरचा नमाजी जुम्म्याला आत येतो, की पायऱ्या पाहून घरीच राहतो?

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) अंध होते. त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं, तेव्हा सूरह अबस उतरली. पुढे ते मदिनेत अजान देत. दंडाची रक्कम आपल्याला फार तर जागं करील. हा हक कायद्याच्या कितीतरी आधीचा आहे.

येत्या सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन आपल्या दुकानाची पायरी मोजा. सुरुवात तिथूनच होईल, इन्शाअल्लाह.