जगबुडी स्वस्त झाली

जगाच्या अंताविषयी बोलायला कमानिया गेट ही जागा विनोदी वाटेल. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ बांधलेली ही कमान. आजूबाजूला सराफा, गर्दी, घासाघीस. तरीही चित्रपट, वाहिन्या आणि कविता यांतून आपण उचललेल्या प्रलयाच्या कल्पना जबलपूरच्या जमिनीवर घासून पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे. त्या टिकत नाहीत.

आपला प्रलय नेहमी दुरून येतो. १९६२ मध्ये अष्टग्रहीच्या भीतीने देशभर यज्ञ पेटले. १९७९ मध्ये स्कायलॅबने झोप उडवली. सप्टेंबर २००८ मध्ये जिनिव्हाजवळचे सर्नचे यंत्र पृथ्वी गिळणार, असा घोष वाहिन्यांनी लावला. त्या धास्तीने याच मध्य प्रदेशातल्या एका किशोरवयीन मुलीने जीव दिल्याचे वृत्त आले. यंत्र सुरू झाले. जग राहिले, ती मुलगी राहिली नाही. वाहिन्या मात्र २०१२ च्या तयारीला लागल्या.

विज्ञान निर्दोष आणि माध्यमे तेवढी दोषी, ही सोयीची वाटणीही मला मान्य नाही. १८२८ मध्ये स्लीमनला जबलपुरात डायनोसॉरची हाडे सापडली. ती ज्या लमेटा खडकांतली, त्यांच्यावर दख्खनच्या लाव्हाचे थर आहेत. ६.६ कोटी वर्षांपूर्वी लघुग्रह आदळल्याचे पुरावे भक्कम आहेत. त्याबद्दल वाद नाही. पण लाखो वर्षे चाललेला लाव्हाचा उद्रेक लोकप्रिय विज्ञानातही क्वचितच दिसतो. का? त्यात ‘धडाम’ नाही. एका फटक्यात येणारा अंत विकला जातो. सावकाश साचणारा विकला जात नाही.

आता २२ मे १९९७ ची पहाट घ्या. सव्वाचार वाजून गेल्यावर जबलपूर हादरले. तीव्रता ५.८, म्हणजे भूकंपशास्त्राच्या भाषेत मध्यम. सुमारे चाळीस माणसे गेली. आकाशातून काही पडले नव्हते. पडल्या त्या भिंती. आणि भिंत कोणीतरी बांधलेली असते, कोणीतरी मंजूर केलेली असते, कोणाच्या तरी गरिबीमुळे कच्ची राहिलेली असते. तिचा जाब विचारता येतो. प्रलय सगळ्यांचाच, म्हणून जाब कोणालाच नाही. त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य हेच आहे.

कोणी म्हणेल, भव्य चित्रांशिवाय लोक जागे कसे होणार? हवामानबदलाचे संकट तर खरेच आहे. खरे आहे, म्हणूनच त्याला सिनेमाचा शेवट चिकटवू नये. सगळेच बुडणार असेल, तर गटार कोण साफ करील?

मराठीला हे ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडच्या नदीचे नावच जगबुडी. पावसाळ्यात तिची इशारा पातळी, धोका पातळी जाहीर होते आणि बाजारपेठेतले दुकानदार माल वर चढवतात. एवढ्या भयंकर नावाच्या नदीलाही तिथे मोजपट्टी आहे.

आपल्या साहित्यातल्या प्रलयांना ती नाही. जगाच्या राखेवर कविता लिहिणाऱ्या माझ्या मित्रांनो, आधी एका पडलेल्या भिंतीवर लिहा. ती कोणाची होती, तेही लिहा.