एक साइज मोठा

मंडळी, वाण्याने किलोच्या मापात शंभर ग्रॅम मारले तर आपण दुकान डोक्यावर घेतो. तेच माप टायरवाला आपल्या गाडीत बदलून देतो, तेव्हा मात्र आपण वर पैसे मोजतो आणि गाडीसोबत फोटो काढतो!

सुट्टीत वरोऱ्याला आलं की हे हमखास दिसतं. बोलेरोचे २१५/७५ आर १५ टायर काढायचे आणि २३५/७५ आर १५ चढवायचे. "एक साइज मोठा आरामात बसते भाऊ, काही फरक नाही पडत."

फरक पडतो. गणित आठवीचं आहे. २१५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. उंची दोनदा धरून मूळ व्यास येतो ७०३.५ मिमी. नव्याचा ७३३.५. वाढ ४.३ टक्के.

स्पीडोमीटरला रस्ता दिसत नाही. तो फेऱ्या मोजतो आणि एका फेरीला किती अंतर हे कारखान्यात ठरलेलं असतं. मीटर मुळात अचूक असेल, तर आता काटा ८० वर असताना गाडी ८३ च्या पुढे पळत असते. २०१९ च्या जुलैपासून नव्या गाड्यांत ८० ला वाजणारी सूचनाही तितकीच उशिरा वाजते. ओडोमीटर हजार किलोमीटरला ९५९ दाखवतो. मग "ॲव्हरेज पडलं" म्हणून मेकॅनिकशी भांडण!

"पण मीटर जास्तच दाखवतो ना?" हा ठरलेला युक्तिवाद. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, थोडा जास्त चालतो. बरोबर. पण ती सूट चुकीच्या बाजूला न जाण्यासाठी आहे, आपली हौस भागवण्यासाठी नव्हे. शिवाय तुमच्या मीटरमध्ये ती किती शिल्लक आहे, हे जीपीएस लावून कधी पाहिलंय?

वेग ४.३ टक्के वाढला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा ८.७ टक्के वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. इथे एकीकडे कोळशाचे ट्रक, दुसरीकडे ताडोब्याचं जंगल. रात्री रानडुक्कर आडवं आलं की ते तुमचा काटा बघत नाही.

आणि मिळतं काय? गाडी उचलली जाते फक्त १५ मिमी, जेमतेम एका बोटाची जाडी. उलट स्टिअरिंग पूर्ण वळवलं किंवा मागे माणसं कोंबली की टायर मडगार्डला घासण्याची भीती. चाक मोठं झाल्याने चढावर ओढही कमी.

रुंद टायरच हवा असेल तर २३५/७० आर १५ चा हिशोब करा: ७१० मिमी, फरक एका टक्क्याच्याही आत. तरी रिमची रुंदी, भारक्षमता आणि घासणं तपासायचंच.

टायर आधीच बदललेत? भद्रावतीकडे जाताना रस्त्याकडेच्या दगडांवर १० किलोमीटर मोजा. ओडोमीटर ९.६ म्हणाला तर समजा. आणि बदलायचे असतील तर जुना व्यास, नवा व्यास आणि टक्केवारी बिलावर लिहून मागा. टायरवाला हसला तर दुसरं दुकान गाठा. :)