सव्वाआठ फुटांची वाट

आमच्या रनिंग ग्रुपवर दर रविवारी दुपारी एकच रडगाणं सुरू होतं. कल्याणात धावायला जागाच नाही. फुटपाथवर दुकानं, रस्त्यावर खड्डे, मैदानात मांडव. मग कुणीतरी ऑनलाइन अर्जाची लिंक टाकतं : महापालिकेने जॉगिंग ट्रॅक द्यावा. मी दोनदा सही केलीय. तिसऱ्यांदा करणार नाही, कारण ती मागणी चुकीची आहे असं माझं ठाम मत झालंय.

धावायला जागा नाही हे वाक्यच खोटं आहे. कल्याण पूर्वेहून निघा. चिंचपाडा, द्वारली, नेवाळी असं करत मलंगगडाच्या पायथ्याशी पोचायला पंधराएक किलोमीटर होतात. डांबरी रस्ता सोडून आत शिरलात तर भातखाचरांचे बांध आहेत, टेकाडं आहेत, काकोळ्याला रेल्वेने बांधलेला जीआयपी तलाव आहे. अंबरनाथकडे वळलात तर वालधुनीच्या काठी शके 982चं, म्हणजे 1060 सालचं शिलाहारांचं शिवमंदिर आहे. अशा वाटेवर धावण्यासाठी लोक विमानाने परदेशी जातात. आपल्याला त्यासाठी फक्त पहाटे पाचला उठावं लागतं.

म्हणजे जागा आहे, पण ती एकेक करून बंद होतेय. आपण मात्र तिथे पाहायचं सोडून सिमेंटचा चारशे मीटरचा गोल मागतोय.

माझ्या नेहमीच्या वाटेचंच सांगतो. नेवाळीच्या पुढे डावीकडे एक पायवाट होती. दोन पाड्यांमधून, ओढ्यावरून जाऊन ती पलीकडच्या गावच्या देवळापाशी निघायची. चार वर्षं मी तिच्यावरून धावलो. मागच्या पावसाळ्यानंतर गेलो तर मध्येच पत्रे लागलेले, एक गेट आणि गेटवर वॉचमन. पत्र्यावर हिरव्यागार डोंगराचा फोटो आणि ‘निसर्गाच्या कुशीत’ अशी अक्षरं. खरा डोंगर पत्र्यामागे झाकला गेला होता. वॉचमनने विचारलं, “साइट बघायला आलात का, सर?” फ्लॅट घेणाऱ्याला आत वाट होती, धावणाऱ्याला नव्हती.

मी चरफडत परत फिरलो. वाटेत डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक मावशी भेटली. तीही त्याच गेटवरून परत फिरली होती. हायवेच्या कडेने वळसा घालून रिक्षा पकडायला निघाली होती. मी माझं दुःख सांगितलं. ती हसली. म्हणाली, “बाला, तुला पलायला रस्ता नाय, आमाला बाजारान जावाला नाय.”

तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मी ज्याला ‘माझा रूट’ म्हणत होतो, तो माझा नव्हताच. माझ्या घड्याळात त्याची नोंद होती, स्ट्राव्हावर नारिंगी रेघ होती, चढाचे मीटर होते. मावशी रोज डोक्यावर ओझं घेऊन तीच वाट चालायची. तिची कुठेच रेघ नव्हती. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. डेटात जे नाही ते अस्तित्वातच नाही असं धरून चालायची सवय आमच्या धंद्याला आहे, आणि ती आता नकाशे बनवणाऱ्या सगळ्यांनाच लागलीय.

गंमत म्हणजे मावशीची रेघ आहे. ती फोनमध्ये नाही, सरकारी कागदात आहे. महसूल खात्याच्या गाव नकाशावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि पायवाट एका तुटक रेषेने. पायवाटेची रुंदीही ठरलेली आहे : सव्वाआठ फूट. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 20 म्हणतं की जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा कुणा व्यक्तीच्या मालकीच्या नाहीत, त्या शासनाच्या मालकीच्या आहेत. कलम 165 प्रमाणे गावच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या पत्रकात नोंदवता येतात, आणि त्यात जाण्यायेण्याचा हक्कही येतो. म्हणजे भोवतालची जमीन विकली गेली म्हणून अशी वाट विकली जात नाही. जो मालकच नाही तो ती विकणार कशी?

इथे ग्रुपवरचे मित्र म्हणतील, गावकऱ्यांनीच जमिनी विकल्या, आता रडून काय उपयोग? विकल्या, खरं आहे. पण ज्याने आपला गट विकला त्याने शेजारणीची बाजाराची वाट विकलेली नसते. दुसरा मुद्दा जास्त खरा आहे. पावसाळ्यात शहरातून येणारी टोळकी बाटल्या फोडतात, खाचरात गाड्या घालतात, मग शेतकरी कुंपण घालणार नाही तर काय करणार? मान्य. पण टोळक्यांवर इलाज करायचा तर त्यांना आवरा. वाट गिळणाऱ्या पत्र्याला त्या बाटल्यांची सबब पुरत नाही.

आणि आपण धावणारे फार सोवळे आहोत असंही नाही. मी स्वतः एका ट्रेल रनला बाराशे रुपये भरलेत. आयोजकांनी एका दिवसासाठी फार्महाउसवाल्यांची परवानगी काढली, गेटं उघडली, आम्ही धावलो, डोंगर कोरलेलं मेडल गळ्यात घातलं, सेल्फी काढले. सोमवारी गेटं पुन्हा बंद. जी वाट फुकट आणि सगळ्यांची असू शकते तिचं एका दिवसाचं तिकीट काढून आम्ही खूश होतो. तिकीट काढणाऱ्याला वाट बंद झाल्याचं दुःख होत नाही, कारण पुढच्या वर्षीचं तिकीट निघणारच असतं.

ज्या शहरात आपण ही रड लावलीय, ते शहर पायवाटेनेच मोठं केलं. कल्याण बंदरात उतरलेला माल मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही आहे, आणि लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. आपले धावपटूही वाटांनीच घडवले. दिल्लीच्या 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणणारी कविता राऊत ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून ओळखली जाते, आणि सावरपाडा हा नाशिक जिल्ह्यातला आदिवासी पाडा आहे. अविनाश साबळे बीडच्या मांडव्याचा, लहानपणी घरून शाळेला पायी जाणारा. यांतल्या कुणाच्या गावात जॉगिंग ट्रॅक होता?

इंग्लंडमध्येही वाटा बंद होत्याच. 24 एप्रिल 1932ला मँचेस्टरकडचे कामगार तरुण किंडर स्काउटच्या खासगी माळावर मुद्दाम घुसले. काहींना तुरुंगवास झाला. पुढे 1949च्या कायद्याने तिथल्या कौंट्यांना प्रत्येक सार्वजनिक पायवाट अधिकृत नकाशावर नोंदवणं भाग पडलं. आज तिथे शेत मालकाचं असतं आणि त्यातून जाणारी वाट सगळ्यांची. त्यांना तो नकाशा नव्याने करावा लागला. आपल्याकडे तो आधीच काढलेला आहे, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात. फी भरली की प्रत मिळते.

घाई एवढ्यासाठी की शहर पुढे सरकतंय. 2015मध्ये 27 गावं महापालिकेत आली आणि तिथल्या ग्रामपंचायती संपल्या. विकास आराखडा रुंद रस्त्यांचा विचार करतो, त्यात सव्वाआठ फूट बसत नाहीत. वाट अडवली म्हणून ओरडायला ग्रामसभा असते तोवरच काहीतरी होऊ शकतं. शिवाय अडवलेली वाट मोकळी करायला मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 आहे, पण तिथे दाद मागायची ती शेतकऱ्याने, तीही अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत. बूट घातलेल्या इंजिनिअरला तिथे कुणी विचारत नाही. म्हणजे आपला रूट वाचवायचा तर आपल्याला मावशीच्या मागे उभं राहावं लागेल, तिच्या पुढे नव्हे.

म्हणून माझी मागणी ट्रॅकची नाही. मागणी अशी, की गाव नकाशावरची प्रत्येक तुटक रेषा जमिनीवर मोजावी, दोन्ही टोकांना दगड रोवावा आणि तिच्यावर बांधकामाला परवानगी देऊ नये. आपलं काम त्याहून सोपं आहे. जीपीएसचं घड्याळ आपल्या सगळ्यांच्या मनगटावर आहेच. एकेक रेषा धावायची, कुठे अडली तिथे फोटो काढायचा, आणि तो ग्रुपवर न टाकता ग्रामपंचायतीच्या टेबलावर आणि ग्रामसभेत ठेवायचा.

एका गावाच्या नकाशाची प्रत मी काढून आणलीय. माझी डावीकडची वाट तिच्यावर आहे, एका तुटक रेषेत, देवळापर्यंत. या रविवारी साडेपाचला नेवाळी नाक्यावर भेटू. तिकीट नाही, मेडल नाही. मावशीलाही विचारून ठेवलंय. सहा महिने अजून पुरे झालेले नाहीत.